दुसरा कोअर

मिरजेत मदरबोर्ड दुरुस्त करणारा आता एकच माणूस उरला होता, आणि तोही निव्वळ हट्टानं. यंत्र बिघडलं की टाकायचं आणि नवं आणायचं, ही रीत पडून बरीच वर्षं झाली होती. पण मिरज हे दवाखान्यांचं गाव. तिथल्या तळघरांतून अजून रक्त तपासायची, छातीचे फोटो काढायची जुनी यंत्रं चालत होती आणि त्यांच्या पोटात दोन कोअरच्या प्रोसेसरचे म्हातारे बोर्ड होते. ते बंद पडले की कंपनीची माणसं हात वर करायची. मग बोर्ड कापडी पिशवीतून सुकुमार मगदूमच्या दुकानात यायचा.

पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक दार. गिऱ्हाइकाशी बोलायचं त्रिशलानं आणि काम करायचं सुकुमारनं, अशी नवराबायकोची अठ्ठावीस वर्षांची वाटणी. त्रिशला गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर उतरवायची आणि ती चिठ्ठी दोऱ्यानं बोर्डाला बांधायची. 'चालता चालता थांबतो.' 'सकाळी शहाणा, दुपारी रुसतो.' चिठ्ठीत आहे तेवढंच काम करायचं, जास्त काही करायचं तर आधी विचारायचं, हा तिचा नियम. सुकुमार तो पाळायचा. एक गोष्ट सोडून.

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिनं त्याला विचारलं होतं, "त्या हिरव्या पाटीत एवढं असतंय तरी काय?"

"मदरबोर्ड म्हणजे आपलं स्वयंपाकघर समज," तो म्हणाला होता. "ओटा, डबे, गॅस, नळ, सगळं एकमेकांना जोडलेलं. प्रोसेसर म्हणजे रांधणारी बाई. आणि दोन कोअरचा असला, तर दोन जावा. एक लाटणार, एक भाजणार. डबे मात्र दोघींचे एकच. म्हणून एकमेकींना विचारून हात लावायचा, नाहीतर एकीनं मीठ घातलेल्या आमटीत दुसरी परत घालणार."

"आणि एक जाऊ माहेरी गेली तर?"

"तर दुसरी एकटी करते की. वेळ लागतो, पण जेवण होतंय."

ती खूप हसली होती आणि त्या दिवसापासून त्याला 'मिस्त्री' म्हणायला लागली. ओ मिस्त्री, जेवायला चला. ओ मिस्त्री, दिवस मावळायला आला. घरात जैनांच्या रीतीनं सूर्यास्ताआधी जेवून ताटं पुसून ठेवायची शिस्त होती, आणि सुकुमारला टेबलावरून उठवायचं म्हणजे रोज तीन हाका लागायच्या.

त्या नियमातून त्यानं सोडलेली गोष्ट म्हणजे ही. जुना बोर्ड दोन्ही कोअरवर चालवला की तापतो. त्याला वीज पुरवणारा भाग दमतो आणि यंत्र मधेच हँग होतं. तो भाग बदलणं किचकट काम. मग सुकुमार सरळ सेटिंगमध्ये शिरून दुसरा कोअर बंद करून टाकायचा. बोर्ड थंड, यंत्र चालू, गिऱ्हाईक खूश. सांगायचा मात्र नाही.

"सांगून टाका की त्यांना," त्रिशला म्हणायची.

"चालतंय न्हवं? मग उगाच कशाला त्यांच्या डोक्याला ताप?"

"यंत्र त्यांचं आहे. आत काय बंद केलंय ते त्यांना कळायला नको?"

यावर तो सांधा जोडताना उठणारा सोल्डरचा धूर फुंकायचा आणि विषय तिथंच संपायचा.

त्रिशलाला एक्कावन्नाव्या वर्षी मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला, बोलणं गेलं. तोवर अशा रोग्यांसाठी एक नवीन गोष्ट निघाली होती. कानामागे, कातडीखाली, चिंचोक्याएवढी एक सीलबंद प्लेट बसवायची. प्लेट म्हणजे अगदी बारका मदरबोर्डच. मेंदूतला रस्ता जिथं तुटला असेल, त्याच्या अलीकडे केसापेक्षा बारीक तारा, पलीकडे तशाच तारा, आणि अलीकडचा निरोप पलीकडे पोचवणारा दोन कोअरचा प्रोसेसर मधे. तुटलेल्या पुलावर उभं राहून माणसांनी हातोहात सामान पलीकडे द्यावं, तसं त्याचं काम. दोन महिन्यांत त्रिशलानं भाकरी थापली. तिचा पहिला शब्द होता 'मिस्त्री', आणि तो ऐकून सुकुमार दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला होता.

चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग प्लेट तापायला लागली. तिचं तापमान एकोणचाळीस अंशांवर गेलं की प्लेट स्वतःला बंद करून पुन्हा सुरू व्हायची, आणि तेवढा वेळ त्रिशला वाक्याच्या मधेच थिजायची. एकदा ती अशीच पेटत्या गॅसजवळ कोसळली. मनगट भाजलं. ते मॉडेल बनवणारी कंपनी तोवर बंद झाली होती आणि तारा मेंदूत इतक्या रुजलेल्या की प्लेट काढणं म्हणजे जिवाशी खेळ. दवाखान्यातल्या डॉ. मुजावर म्हणाल्या, "काय करता येईल ते मी बघते. पंधरा दिवस द्या."

सुकुमारकडे पंधरा दिवसांचा धीर नव्हता. बायको गॅसशी गेली की तो हातातलं काम टाकून मागच्या दारात जाऊन उभा राहायचा. प्लेटचं तापमान बघायला घरच्यांना एक छोटा रीडर दिलेला असे. त्याचं कुलूप त्यानं अर्ध्या तासात उघडलं. त्रिशलाला दुकानातल्या स्टुलावर बसवलं, पाठ आपल्याकडे, डोळे मिटून. कुठलाही बोर्ड तपासताना तो असाच आधी मोकळा बसवायचा, काही काम न देता. "बोलू नकोस," त्यानं सांगितलं आणि स्वतःही गप्प राहिला. पहिला कोअर शब्द आणि हात सांभाळत होता. दुसऱ्या कोअरवर काम होतं जेमतेम दोन टक्के. पुस्तिकेत त्याच्यापुढे एवढंच लिहिलं होतं: 'सहायक कार्य.'

दोन टक्क्यांसाठी फुकट तापणारा कोअर. त्यानं तो बंद केला.

"झालं का?" त्रिशलानं विचारलं.

"झालं. जरा साफसफाई केली," तो म्हणाला.

ती उठली, वळली आणि त्याच्याकडे बघून जरा अवघडली. मग पदर सारखा करून आत गेली. थोड्या वेळानं चहा आला, तो पाहुण्यांच्या कपबशीतून. सुकुमारचा कप ठरलेला होता. कान तुटलेला, त्यानंच बोर्डाच्या गोंदानं चिकटवलेला. तो फळीवर होता तिथंच होता.

"हा कप का?" त्यानं हसून विचारलं.

"मग कुठला द्यायचा तुम्हाला?" ती अगदी अदबीनं म्हणाली.

प्लेट थंड राहिली. त्रिशला घडाघडा बोलायला लागली, कामं पटापट उरकायला लागली. पण न्हाणीघराची कडी आता ती दोनदा तपासायची. त्याचं अंथरूण तिनं न बोलता बाहेरच्या खोलीत घातलं. फिनलंडहून लेकीचा, सन्मतीचा फोन आला तर 'बऱ्या आहात ना?' असं विचारून तिनं तो सुकुमारच्या हातात दिला. सन्मतीला सहावा महिना होता. ती म्हणाली, "पप्पा, आई माझ्यावर रागावलीय का?"

शेवटी सुकुमारनं त्रिशलालाच विचारलं, "मी कोण आहे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे की. तुम्ही माझे मिस्टर. सगळे तसंच सांगतात, फोटोपण आहेत." तिनं खाली बघितलं. "पटत नाही, एवढंच. मी काय करू?"

डॉ. मुजावरांनी रीडर हातात घेतला आणि स्क्रीन पाहिला.

"मगदूम, आपण माणूस ओळखतो ते दोन रस्त्यांनी," त्या म्हणाल्या. "एका रस्त्यानं मेंदूला कळतं की हा चेहरा कुणाचा, नाव काय, नातं काय. दुसऱ्या रस्त्यानं तो चेहरा दिसल्यावर, आवाज ऐकल्यावर, अगदी वास आल्यावरसुद्धा, आत ऊब येते. हा आपला, असं वाटतं. पहिला रस्ता शाबूत असला आणि दुसरा तुटला, तर माणसाला स्वतःचा नवरासुद्धा नवऱ्यासारखा दिसणारा परका वाटतो. त्रिशलाबाईंच्या गाठीनं दुसरा रस्ताही तोडला होता. दुसरा कोअर तो जोडत होता."

"पण काम दोनच टक्के होतं, मॅडम."

"तुम्ही मोजलंत तेव्हा त्यांच्यासमोर कोण होतं?"

सुकुमारच्या डोळ्यांपुढे ते स्टूल आलं. मिटलेले डोळे. पाठमोरी त्रिशला. आणि मागे तोंड बंद करून बसलेला तो.

"मला न विचारता हात का लावलात?" डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

कोअर पुन्हा सुरू करता येत होता. पण प्लेटला वीज पुरवणारा भाग झिजला होता. दोन्ही कोअरचा भार तो आणखी दोनदा झेलेल, फार तर तीनदा, असा डॉक्टरांचा अंदाज होता. तो जळला की शब्द आणि हातही जाणार, कायमचे. तसले शेकडो भाग सुकुमारनं आयुष्यात बदलले होते, आताही टेबलाच्या खणात डबीभर होते. पण बायकोच्या कानामागची ती सीलबंद प्लेट त्याला उघडता येत नव्हती.

"एकदा," तो म्हणाला. "माझी चूक तिच्या कानावर घालायला तरी एकदा."

या वेळी डॉक्टरांसमोर, त्रिशलाला विचारून, कोअर सुरू झाला. ती समोर बघत होती. मग तिनं मान वळवली.

"ओ मिस्त्री," ती म्हणाली, "किती वाळलाय तुम्ही. जेवत नाही काय?"

रीडरवर तापमानाची रेघ उसळली. सुकुमारनं तिचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. स्टूल, दोन टक्के, साफसफाईची थाप. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा कठीण होत गेला.

"न सांगता केलंत," ती म्हणाली. "माझ्या डोक्यातलं. गिऱ्हाइकाला सांगायची सवयच नाही तुम्हाला. अठ्ठावीस वर्षं बोंबलत होते मी."

"चुकलो, त्रिशला."

"चुकलातच." आणि मग तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "घाबरून गेला असाल, मी पडले तेव्हा. हो ना?"

त्यानं मान डोलावली. तेवढ्यात सन्मतीचा फोन आला. पडद्यावर लेकीचं तोंड दिसताच त्रिशलाच्या तोंडून हुंदका फुटला आणि रेघ सरसर वर चढली. एकट्या नवऱ्यासमोर कोअर वीसेक मिनिटं चालला असता. दोघं झाल्यावर तो बाराव्या मिनिटालाच तापला. जितकी माणसं जवळची आणि जितकं नातं जुनं, तितका त्याच्यावर भार.

"मिनिट राहिलंय," डॉक्टर म्हणाल्या. रेघ एकोणचाळीसला टेकली की दुसरा कोअर आपोआप बंद व्हावा, अशी सोय त्यांनी आधीच रीडरमध्ये केली होती.

त्रिशलानं टेबलावरचा कागद ओढला आणि उजव्या हातानं भराभर लिहिलं. दुकानात लिहायची तसंच. 'सन्मती बाळाला घेऊन आली की चालू करणे. एकदाच. तोवर कुणी हात लावू नये.' चिठ्ठी तिनं सुकुमारच्या मुठीत कोंबली.

"बाळाला मी परकी बाई म्हणून बघणार नाही," ती म्हणाली. "एवढं माझं काम करा. चिठ्ठीत आहे तेवढंच."

त्यानं ती चिठ्ठी दोऱ्यानं रीडरला बांधली.

पुढचे सहा महिने दोन परकी माणसं एका घरात नीट वागत होती. त्रिशलाला ती बारा मिनिटं आठवत होती. "चिठ्ठी मीच लिहिली ते आठवतंय," ती म्हणायची, "का लिहिली ते कळत नाही." दिवस मावळायच्या आत ती ताट वाढायची. हाक मात्र मारायची नाही, दाराशी उभी राहून खाकरायची. पावसाळ्यात सुकुमारला ताप भरला, तेव्हा तिनं त्याच्या कपाळावर घड्या ठेवल्या, वेळेवर गोळ्या दिल्या, कशात म्हणून कसूर केली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं काळजीनं विचारलं, "तुमच्या घरी कुणाला कळवायचंय का?"

ती आत गेल्यावर त्यानं रीडर काढला. अंगठा बटणावर ठेवला. एकच मिनिट, एक हाक, बास. चिठ्ठीची शाई फिकट होत चालली होती, अक्षर मात्र ठसठशीत होतं. त्यानं रीडर खणात ठेवून खण लावून घेतला आणि उशीत तोंड खुपसलं.

मार्गशीर्षात सन्मती तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन आली. सुकुमारनं तिला दुकानातच थांबवलं.

"तू आणि बाळ, दोघीच आत जा. रेघ मी इथून बघतो."

"आणि तुम्ही, पप्पा?"

"मी आत आलो तर पाच मिनिटंसुद्धा मिळायची नाहीत तुम्हाला. माझा आवाजपण यायला नको. विचारलंच तर बाहेर गेलेत म्हण."

"असं कसं? आईला विचारलंत का?"

"जा तू," तो म्हणाला. "सकाळची वेळ आहे, बाळ जागं आहे. जा."

दार लागलं आणि त्यानं दुकानाच्या बाजूनं कडी घातली. त्यानं कोअर सुरू केला. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग त्रिशलाचा एकदम फुटलेला आवाज. "सन्मे! अगं, आण की तिला इकडं! बघू, बघू... अगं बाई, हनुवटी तर माझ्या सासूबाईंची!" रेघ चढली आणि स्थिरावली. बाळ हुंकारलं. त्रिशला त्याच्याशी बोबडं बोलायला लागली, हसायला लागली. ते हसणं सुकुमारनं कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. नुसतं बसवेना, म्हणून त्यानं सवयीनं सोल्डरची इस्त्री तापवली आणि एका मेलेल्या बोर्डावर उगाच टाके घालत बसला.

नववं मिनिट लागलं.

"मिस्त्री कुठायत?" आतून आवाज आला.

"बाहेर गेलेत, आई."

"खोटं बोलू नकोस. सोल्डरचा वास येतोय."

रेघ एकदम उसळली. सुकुमारनं इस्त्री झटक्यात खाली ठेवली, पण धूर दाराच्या फटीतून आत गेलाच होता.

"ओ मिस्त्री!" त्रिशलानं हाक मारली. "आत या की."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"ओ मिस्त्री!"

आत भांड्यांच्या फळीशी काहीतरी वाजलं. मग तिचा आवाज अगदी दाराजवळून आला. आता त्यात हसू नव्हतं. "तुम्ही बाहेर बसायचं असं चिठ्ठीत होतं काय? सांगा की. परत न विचारता केलंत?"

सुकुमार उभा राहिला. तिचं खरं होतं. तिच्या मिनिटांचं काय करायचं ते त्यानं पुन्हा एकट्यानंच ठरवलं होतं, आणि या वेळीही त्याला वाटलं होतं की ते तिच्या भल्याचंच आहे. तो दाराशी गेला. कडीला हात लावला. दुसऱ्या हातातल्या रीडरवर रेघ एकोणचाळीसच्या खाली केसभर उरली होती. दार उघडलं तर ती त्याला बघणार, कोअर आपोआप बंद व्हायच्या आत रेघ ओलांडणार आणि तो दमलेला भाग कदाचित जळणार. मग ती लेकीशी पुन्हा एक शब्दही बोलू शकणार नाही.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली. तिसरी हाक. जेवायला उठवायची ती.

त्यानं कडी काढली नाही. कपाळ दाराला टेकवलं आणि श्वास रोखून तसाच उभा राहिला. पलीकडे तिचाही श्वास ऐकू येत होता. मग रीडर हातात थरथरला, रेघ घसरली आणि दुसरा कोअर बंद झाला.

बऱ्याच वेळानं त्यानं कडी काढली आणि दार उघडलं. आत सन्मती बाळाला छातीशी धरून, भिंतीकडे तोंड करून रडत होती. दारात त्रिशला उभी होती. गाल ओले होते आणि ते कशानं ओले झाले ते न कळून ती पदरानं पुसत होती. दुसऱ्या हातात चहा होता. कान चिकटवलेल्या कपातून.

"माफ करा हं," ती अदबीनं म्हणाली. "हा फुटका कप मीच मघाशी फळीवरून काढून ओट्यावर ठेवला, ते आठवतंय. का काढला, ते कळत नाही. म्हणून यातच आणला. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल," सुकुमार म्हणाला आणि त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला.